सर्व्हर-स्थलांतर (लिनक्स)

जुन्या सर्व्हरवरील लिनक्स प्रणाली नव्या संगणकावर बहुधा जशीच्या तशी नेता येते, कारण यंत्रसामग्रीची ओळख ती दर वेळी सुरू होतानाच करून घेते. अडचणी मोजक्या ठिकाणी येतात. इनिटरॅमएफएस प्रतिमेत नव्या डिस्क-नियंत्रकाचा ड्रायव्हर नसेल, तर मूळ फाइलप्रणालीच सापडत नाही. डेबियन ही प्रतिमा सहसा बहुतेक ड्रायव्हरांसह बनवते; रेड हॅट परिवारात ती त्या यंत्रापुरती असते, म्हणून तिथे ती आधीच सर्व ड्रायव्हरांसह नव्याने बांधावी. एफएसटॅबमध्ये डिस्कच्या नावाऐवजी यूयूआयडी असावा. बायोसवरून यूईएफआयवर जाताना ईएफआय विभाजन व बूटलोडर नव्याने लागतात. नेटवर्क कार्डाचे नावही बदलू शकते, आणि तेवढ्यानेच दूरवरच्या सर्व्हरशी संपर्क तुटतो.

कोरी मांडणी अधिक स्वच्छ, हा आक्षेप वजनदार आहे. सुरक्षा-दुरुस्त्या बंद झालेली आवृत्ती नव्या यंत्रावरही तितकीच असुरक्षित राहते. पण वर्षानुवर्षे साचलेल्या क्रॉन नोंदी, परवानग्या आणि हाताने केलेले बदल अनेकदा कुठेच लिहिलेले नसतात. यंत्र आणि आवृत्ती एकदम बदलल्यास बिघाडाचे मूळ शोधणे कठीण जाते. म्हणून आधी स्थलांतर, मग श्रेणीवाढ हा क्रम योग्य. अपवाद एकच: फार जुन्या कर्नेलला नवी सामग्री ओळखता येत नसेल, तर तो जुन्या यंत्रावरच अद्ययावत करावा.