ट्रकचा एसी आणि 1990 चे दशक

ट्रकच्या एसीचा कॉम्प्रेसर बदलताना ड्रायर (ओलावा टिपणारा भाग), तेल आणि रबरी रिंगा का बदलतात? ग्राहकाला यात गॅरेजवाल्याची कमाई दिसते. अमेरिकेतला इतिहास मात्र वेगळे सांगतो. तिथे एसीत आर-12 गॅस असे. स्वस्त, म्हणून दुरुस्तीवेळी सरळ हवेत सोडला जाई. 1974 मध्ये रसायनशास्त्रज्ञ मोलिना आणि रोलंड यांनी अशा वायूंमुळे ओझोन थर धोक्यात असल्याचे दाखवले. ओझोन वाचवण्यासाठीचा 1987 चा माँट्रियल करार आणि अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्यातली 1990 ची सुधारणा यांनी ती सवय मोडली.

आर-12 च्या जागी आलेला आर-134ए गॅस जुन्या खनिज तेलात नीट मिसळत नाही; त्याच्यासोबत वापरले जाणारे पीएजी हे कृत्रिम तेल हवेतला ओलावा झपाट्याने शोषते. जुन्या ड्रायरमधले दाणेही नव्या गॅसला मानवत नव्हते. ओलाव्यातून आम्ल तयार होते, ते नव्या कोऱ्या कॉम्प्रेसरला खाते. ड्रायर तर आधीही बदलत, असा आक्षेप येईल. खरे आहे, पण तेव्हाची चालढकल खपून जाई, खनिज तेल इतके तहानलेले नव्हते. उगाच पार्ट गळ्यात मारणारे असतीलही, पण ड्रायर त्यांच्या यादीतला नव्हे. भारतात नव्या मालट्रकांना 2025 पासून वातानुकूलित केबिन सक्तीची झाल्यावर हाच हिशेब आपल्या गॅरेजांतही मांडावा लागणार.