दिनविशेष : ५ फेब्रुवारी

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्समध्ये पोर्ट स्टीफन्स येथे २००४ सालची एएनझेड चॅम्पियनशिप ही व्यावसायिक गोल्फ स्पर्धा सुरू झाली. इंग्लंडची लॉरा डेव्हिस तीत पुरुषांबरोबर खेळली. युरोपियन टूर या पुरुषांच्या मालिकेतील स्पर्धेत उतरलेली ती पहिली स्त्री. २००२ मध्ये सुरू झालेल्या या स्पर्धेचे हे अखेरचे वर्ष ठरले. स्पर्धेचे खरे मोल मात्र गुणपद्धतीत आहे. येथे फटक्यांऐवजी गुणांची बेरीज होई: अल्बाट्रॉसला (पारपेक्षा तीन फटके कमी) ८, ईगलला (दोन कमी) ५, बर्डीला (एक कमी) २, पारला (होलसाठी ठरलेल्या फटक्यांना) शून्य, बोगीला (एक जास्त) उणे १, त्याहून वाईट खेळाला उणे ३. एका बर्डीने दोन बोगी भरून निघत. एखादे होल कितीही बिघडले तरी तोटा तिनावरच थांबे. एरवी सावधपणे पार राखणारा टिकतो, येथे धाडसाने ईगल साधणारा झपाट्याने वर चढे.