नळीवरचे नाव

वडिलांच्या शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी मला रक्तपेढीच्या खिडकीवरून परत पाठवले गेले. हातात मागणीपत्र होते आणि रक्ताच्या नमुन्याची छोटी नळी, जिला इस्पितळात सगळे 'बल्ब' म्हणतात. मागणीपत्रावर वडिलांचे पूर्ण नाव आणि केसपेपरचा क्रमांक होता. बल्बवर नुसते 'पाटील'. मी म्हटले, इथेच लिहून देतो. आतल्या बाईंनी मान वर न करता सांगितले, "खाडाखोड चालत नाही. नवीन सॅम्पल आणा." चार मजले, बंद लिफ्ट आणि पुन्हा टोचून घ्यायला नाखूश असलेले वडील. कारकुनी आडमुठेपणाचा नमुना म्हणून हा प्रसंग मी पुढे कित्येकांना रंगवून सांगितला. रक्तसंक्रमणाचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा ती हौस फिटली.

हा इतिहास बहुधा प्रयोगशाळेतल्या शोधांचा म्हणून सांगितला जातो. व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनर यांनी स्वतःचे आणि सहकाऱ्यांचे रक्त घेतले, एकाचा रक्तद्रव दुसऱ्याच्या तांबड्या पेशींत मिसळून पाहिला आणि गुठळ्या कुठे झाल्या, कुठे नाहीत, याची अधिक-उणे चिन्हांची कोष्टके १९०१ साली छापली. कोष्टकांत त्या माणसांची आडनावे संक्षेपाने दिलेली आहेत. रक्तद्रवाच्या एखाद्या नळीवर भलत्याच माणसाचे नाव पडले असते, तर त्या चिन्हांत नियम दिसणे अवघड होते. म्हणजे रक्तगटांचा शोधही नीट लिहिलेल्या नावांवरच उभा आहे.

पुढचा घोळ मात्र लिहिण्यातूनच झाला. प्रागचे मनोविकारतज्ज्ञ यान यान्स्की यांनी १९०७ साली रक्ताचे चार गट रोमन आकड्यांत मांडले. १९१० साली अमेरिकेत विल्यम मॉस यांनी, यान्स्कींच्या कामाशी संबंध न येता, तेच चार गट रोमन आकड्यांतच मांडले. दोघांचेही निष्कर्ष बरोबर. दोन आणि तीन हे आकडेही जुळले. पण यान्स्कींचा पहिला गट म्हणजे आजचा 'ओ', तर मॉस यांचा पहिला 'एबी'. आणि चौथ्या गटाचे नेमके उलटे. १९२१ साली अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या समितीने यान्स्कींची पद्धत वापरा म्हणून शिफारस केली, तरी अनेक इस्पितळांनी अंगवळणी पडलेले मॉस यांचे आकडे सोडले नाहीत. एका इस्पितळातला 'गट चार'चा दाता दुसऱ्या इस्पितळात 'गट एक' ठरे. 'ओ' गटाच्या रोग्याला 'एबी' रक्त दिले, तर त्याच्या रक्तातली प्रतिद्रव्ये आलेल्या पेशी फोडू लागतात; मूत्रपिंडे बंद पडू शकतात, जीवही जातो. चाचणी अचूक, वैद्य निष्णात, आणि तरी चिठ्ठीवरचा आकडा घातक! १९२७ साली लँडस्टायनर यांनी आकडे सोडून ओ, ए, बी, एबी ही अक्षरे घ्यावीत असे सुचवले. अक्षरे आधीही वापरली गेली होती; पण ती रुळायला आणखी काही वर्षे गेली.

चिठ्ठीवरचे अक्षर बरोबर असूनही भागत नाही, याचा धडा मुंबईने दिला. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये अशा माणसांची नोंद केली, ज्यांचे रक्त नेहमीच्या चाचणीत 'ओ' वाटे, पण 'ओ' रक्ताशीही जुळत नसे. हाच तो 'बॉम्बे' गट. म्हणून गट ठाऊक असला तरी रोग्याचा नमुना आणि द्यायचे रक्त प्रत्यक्ष ताडून पाहतात, त्याला क्रॉसमॅच म्हणतात.

पण क्रॉसमॅचलाही एक गोष्ट कळत नाही. वडिलांच्या नावाच्या बल्बमध्ये शेजारच्या रोग्याचे रक्त असेल, तर प्रयोगशाळा त्या शेजाऱ्याला जुळणारे रक्त इमानेइतबारे शोधून देईल. आधीची नोंद किंवा वेगळ्या वेळी घेतलेला दुसरा नमुना नसेल, तर ही चूक उघडकीस यायला वाव राहत नाही. ब्रिटनमध्ये १९९६ पासून रक्तसंक्रमणातल्या चुकांची देशभर नोंद ठेवतात. त्या अहवालांत माणसांच्या हातून झालेल्या चुका वर्षानुवर्षे पुढे दिसतात, आणि ओळख पटवण्यातली गफलत त्यांतलीच. भारतात अशी नोंद २०१२ च्या डिसेंबरात सुरू झाली.

आमच्या वॉर्डात वडिलांच्या शेजारच्या खाटेवरही एक पाटीलच होते. त्या सकाळी दोघांचेही रक्त काढले होते. मी घेऊन गेलेल्या पहिल्या बल्बमध्ये कोणाचे रक्त होते, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

शस्त्रक्रियेनंतरच्या रात्री रक्ताची पिशवी आली. दोन सिस्टर खाटेपाशी उभ्या राहिल्या. एकीने पिशवीवरचा क्रमांक, गट आणि मुदतीची तारीख मोठ्याने वाचली, दुसरीने कागदावर बोट ठेवून ताडली. मग तिने विचारले, "आजोबा, तुमचं पूर्ण नाव सांगा." "तुम्ही पाटील ना?" असे तिने विचारले नाही, गुंगीतला माणूस त्यालाही हो म्हणतो. चार दिवस तेच तेच सांगून वडील वैतागले होते. डोळे न उघडताच त्यांनी स्वतःचे, वडिलांचे आणि वर गावाचेही नाव सांगितले.