प्रतिकृती रेल्वे इंजिनांची चाल व ओढशक्ती

प्रतिकृती रेल्वे इंजिनांची चाल व ओढशक्ती हा रेल्वेच्या लहान, चालत्या प्रतिकृती तयार करण्याच्या छंदातील एक यांत्रिक विषय आहे. इंजिन मोठा आवाज न करता, धक्के न देता, अगदी मंद गतीलाही एकसारखे चालणे ही चांगली चाल मानली जाते. डब्यांची पूर्ण गाडी चढावरही चाके न घसरता ओढणे ही चांगली ओढशक्ती होय. हे दोन्ही गुण मोटर, दंतचक्रे, चाके आणि रूळ या एकाच साखळीवर अवलंबून असतात. साखळीत मोटरची ताकद क्वचितच कमी पडते. इंजिन अडते ते बहुधा चाकांवरील अपुरे वजन, दंतचक्रांची सदोष जुळणी किंवा विजेचा तुटक पुरवठा यांमुळे.

प्रमाण व वजन

जगात सर्वाधिक प्रचलित असलेले एचओ हे प्रमाण १:८७ चे असून त्याच्या रुळांतील अंतर १६.५ मिलिमीटर असते. ब्रिटनमधील ओओ हे प्रमाण १:७६.२ चे असले तरी त्याच्या गाड्या याच रुळांवर धावतात. एन प्रमाणात (१:१६०, ब्रिटनमध्ये १:१४८) रुळांतील अंतर ९ मिलिमीटर असते, तर जर्मनीच्या मेर्क्लिन या उत्पादकाने १९७२ मध्ये आणलेल्या झेड प्रमाणात (१:२२०) ते ६.५ मिलिमीटर असते. पुण्यात कोथरूड येथे असलेले जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय हे महाराष्ट्रातील या छंदाचे सर्वपरिचित ठिकाण आहे. पुढील सर्व आकडे एचओ प्रमाणाचे आहेत.

लांबी ८७ पट कमी केली की घनफळ, आणि त्याबरोबर वजन, ८७ च्या घनाने म्हणजे सुमारे ६ लाख ५८ हजार पटींनी कमी होते. भारतीय रेल्वेच्या डब्ल्यूएजी-७ या मालगाडीच्या विद्युत इंजिनाचे वजन १२३ टन आहे. त्याची काटेकोर प्रमाणातील प्रतिकृती अवघ्या १८७ ग्रॅमची भरेल. इतके हलके इंजिन रुळांवरील धुळीच्या कणानेही अडखळते. म्हणून उत्पादक इंजिनाची चौकट जस्ताच्या मिश्रधातूची ओततात, रिकाम्या जागी शिसे किंवा टंगस्टन भरतात आणि प्रतिकृतीचे वजन प्रमाणाच्या दुपटीपेक्षाही अधिक ठेवतात. या बाबतीत प्रमाणाशी प्रामाणिक राहिलेले इंजिन पाहायला सुबक, पण कामाला निरुपयोगी ठरते.

पकड

इंजिन किती ओढू शकते याची वरची मर्यादा चाक आणि रूळ यांमधील पकडीने ठरते. चालक चाकांवरील वजनाला घर्षण गुणांकाने गुणले की ही मर्यादा मिळते. न चालणाऱ्या चाकांवर पडणारे वजन येथे हिशेबात येत नाही. त्यामुळे सर्व आस चालक असलेले डिझेल किंवा विद्युत इंजिन तितक्याच वजनाच्या वाफेच्या इंजिनापेक्षा सहसा अधिक ओढते.

घर्षण गुणांक घरच्या घरी मोजता येतो. चाके फिरणार नाहीत अशी अडकवून इंजिन रुळाच्या तुकड्यावर ठेवतात आणि तो तुकडा एका बाजूने हळूहळू उचलतात. ज्या कोनाला इंजिन घसरू लागते त्या कोनाची स्पर्शज्या (टॅन) म्हणजेच घर्षण गुणांक. प्रत्यक्ष ओढ मोजण्यासाठी रुळाच्या टोकाला कप्पी बसवून दोऱ्याने वजन लटकवतात किंवा साधा स्प्रिंगचा काटा वापरतात.

खरी इंजिने चाके घसरू लागली की रुळांवर वाळू सोडतात. प्रतिकृतीत ही सोय करता येत नाही, कारण तीच वाळू दंतचक्रांत शिरते. पर्याय म्हणून एक-दोन चालक चाकांवर रबराची पातळ पट्टी चढवण्याची पद्धत फार जुनी आहे. पट्टीमुळे ओढ लक्षणीय वाढते, मात्र त्या चाकांतून वीज घेता येत नाही. पट्टी झिजली किंवा फुगली की इंजिन डुलू लागते. वीजग्रहणासाठी आधीच कमी चाके असलेल्या छोट्या शंटिंग इंजिनाला हा उपाय महागात पडतो. ब्रिटनच्या ट्रायँग या उत्पादकाने १९६० च्या दशकात ‘मॅग्नाडहिजन’ या नावाने चुंबकाच्या साहाय्याने पकड वाढवली. त्यासाठी रूळ पोलादी असावे लागतात. पुढे रूळ निकेल-सिल्व्हरचे होऊ लागले आणि ही युक्ती मागे पडली. निकेल-सिल्व्हर हे तांबे, जस्त व निकेल यांचे मिश्रण असून नावात असली तरी चांदी त्यात नसते. ते चुंबकाला दाद देत नाही, पण पोलादासारखे गंजतही नाही. कोकणासारख्या दमट हवेत हा गुण मोलाचा ठरतो.

चढाचा हिशेब

गाडी किती लांब असावी याचा अंदाज साध्या गणिताने करता येतो. समजा, ४०० ग्रॅमच्या इंजिनाची सर्व चाके चालक आहेत आणि घर्षण गुणांक ०.२ आहे, तर त्याची ओढ ८० ग्रॅम होते. अमेरिकेतील नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन (स्थापना १९३५) एचओ वाघिणीसाठी १ औंस आणि लांबीच्या प्रत्येक इंचामागे अर्धा औंस असे वजन सुचवते. त्यानुसार ६ इंची वाघीण ४ औंसांची, म्हणजे सुमारे ११३ ग्रॅमची होते. वाघिणीच्या चाकांचा विरोध तिच्या वजनाच्या २ टक्के धरला, तर प्रत्येक वाघीण सपाटीवर सव्वादोन ग्रॅमने मागे खेचते आणि इंजिन सुमारे ३५ वाघिणी ओढते.

हीच गाडी १:३७ च्या चढावर नेल्यास चित्र पालटते. हा चढ महाराष्ट्रातील रेल्वेप्रेमींच्या परिचयाचा आहे. बोर घाटात कर्जतहून लोणावळ्याकडे जाताना असाच चढ असून तेथे गाड्यांना मागून ढकलण्यासाठी साहाय्यक इंजिने लावली जातात. या चढावर प्रत्येक वाघिणीच्या वजनाचा सदतिसावा भाग तिच्या विरोधात मिळवावा लागतो. शिवाय इंजिनाला स्वतःलाही वर चढायचे असते. उरलेल्या ओढीत केवळ १३ वाघिणी बसतात. इंजिनात १०० ग्रॅम वजन वाढवले तर त्या १६ होतात. इंजिनाला हात न लावता वाघिणींचे आस व टोकदार बेअरिंग सुधारून त्यांचा विरोध २ वरून १ टक्क्यावर आणला, तरीही चढावर त्या १६ च होतात. सपाटीवर मात्र आकडा ७० पर्यंत जातो. दुर्बळ समजल्या जाणाऱ्या इंजिनाची तक्रार अनेकदा डब्यांच्या चाकांपाशी मिटते ती यामुळे. वळणांवर चाकांच्या कडा रुळांना घासून विरोध आणखी वाढतो, म्हणून चढ आणि तीव्र वळण एकाच जागी टाळणे इष्ट असते.

वजन वाढवण्यालाही मर्यादा आहे. मांडणी अशी असावी की भार फार झाला तर आधी चाके घसरावीत, मोटर थांबू नये. चाके घसरली तर काही बिघडत नाही. मात्र वीज चालू असताना मोटर अडून राहिली, तर तिची गुंडाळी तापून जळू शकते. वजन घातल्यानंतर इंजिन हाताने अडवून चाके फिरत राहतात का, हे क्षणभर तपासतात.

मोटर

दोन रुळांच्या पद्धतीत मोटरला साधारणपणे १२ व्होल्टपर्यंतचा एकदिश प्रवाह दिला जातो. मेर्क्लिनच्या १९३५ पासूनच्या एचओ मालिकेत प्रत्यावर्ती प्रवाह व मधला तिसरा वाहक वापरला गेला. जुन्या उघड्या चौकटीच्या मोटरमध्ये आर्मेचरला तीन ध्रुव असत. कमी गतीला आर्मेचर एका ध्रुवावरून दुसऱ्यावर उड्या घेतल्यासारखे फिरे आणि इंजिन झटके देई. पाच ध्रुव केल्याने आणि आर्मेचरच्या खाचा किंचित तिरप्या कापल्याने हा दोष बराच कमी झाला. पत्र्याच्या डब्यात बंद असलेली मोटर आज बहुतेक इंजिनांत आढळते. जर्मन अभियंता फ्रिट्झ फाउलहाबर यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस विकसित केलेल्या रचनेतील मोटरच्या गुंडाळीत लोखंडी गाभाच नसतो. त्यामुळे ती अडखळत नाही आणि अत्यंत मंद गतीलाही सरळ फिरते. मात्र तिच्या हलक्या गुंडाळीला अतिउष्णता सोसत नाही.

मोटरच्या दांड्यावर बसवलेले फ्लायव्हील हे लहान जड चक्र क्षणभराच्या वीजखंडात इंजिन पुढे नेते. चक्रात साठलेली ऊर्जा फेऱ्यांच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून ते वेगाने फिरणाऱ्या मोटरच्या बाजूलाच हवे. मंद फिरणाऱ्या आसावर त्याचा उपयोग होणार नाही.

दंतचक्रे आणि आवाजाचे मूळ

मोटरचा वेग कमी करण्यासाठी बहुधा मळसूत्री दंतचक्र (वर्म गिअर) वापरतात. त्याचे गुणोत्तर कसे ठरते, हे उदाहरणाने स्पष्ट होते. ताशी १०० किलोमीटर हा खरा वेग एचओ प्रमाणात सेकंदाला सुमारे ३२ सेंटिमीटर होतो. ११.७ मिलिमीटर व्यासाच्या चाकाला त्यासाठी मिनिटाला ५२० च्या आसपास फेरे घ्यावे लागतात. मोटर मिनिटाला १५,००० फेरे घेत असेल, तर सुमारे २९:१ हे गुणोत्तर योग्य ठरते. अनेक जुनी इंजिने याहून कितीतरी उंच गुणोत्तरावर, खेळण्याच्या वेगाने धावत. अशा इंजिनाला नवी दंतचक्रे बसवली की कमाल वेग घटतो, पण मंद चाल सुधारते आणि मोटरवरील भारही हलका होतो.

आवाजाचा शोध साखळी तोडत घ्यावा लागतो. प्रथम मोटर सुटी करून चालवतात. ती शांत असेल तर जोडदांडे, मग एकेक चाकगाडा (बोगी) जोडत जातात. सततची घरघर बहुधा दंतचक्रे फार घट्ट किंवा फार सैल बसल्याची असते. दात एकमेकांत अगदी शेवटपर्यंत रुतू नयेत, केसाएवढी फट राहावी. प्रत्येक फेऱ्याला एकदा येणारी ‘टक’ दंतचक्र तडकल्याची खूण आहे. धातूच्या आसावर दाबून बसवलेले प्लॅस्टिकचे दंतचक्र कालांतराने आकसून चिरते, आणि ते बदलण्याखेरीज उपाय नसतो. मोटर व मळसूत्र एका रेषेत नसले, तर जोडणी प्रत्येक फेऱ्याला हिसका देते आणि वेगाबरोबर आवाज चढत जातो.

उतारावरचा एक दोष नवख्यांना चकवतो. सपाटीवर नीट चालणारे इंजिन उताराला गचके देत उतरते. मागची गाडी इंजिनाला ढकलू लागली की मळसूत्र आपल्या बेअरिंगांमधील मोकळ्या जागेत पुढेमागे सरकत राहते. पातळ चकत्या घालून ही जागा कमी केली की गचके थांबतात. चकत्या जास्त झाल्या तर मळसूत्रच जखडते. बहुतेक मळसूत्रांची रचना अशी असते की चाकांकडून जोर लावून मोटर फिरवता येत नाही. वीज जाताच फ्लायव्हील नसलेले इंजिन जागच्या जागी थांबते ते त्यामुळेच.

वाफेच्या इंजिनांच्या प्रतिकृतींत आणखी एक गुंता असतो. दोन्ही बाजूंच्या क्रँकपिना एकमेकींशी ९० अंशांत असाव्या लागतात आणि हा कोन सर्व चालक आसांवर तंतोतंत एकच असावा लागतो. एका आसाचा कोन थोडा चुकला तरी जोडपट्ट्या प्रत्येक फेऱ्यात अडकतात. शिवाय इंजिनाचा गुरुत्वमध्य चालक चाकांच्या मधोमध नसेल, तर पुढची किंवा मागची चाके अधांतरी फिरतात.

वीज व नियंत्रण

तुटक वीजपुरवठ्याने येणारे झटके यांत्रिक दोषासारखेच दिसतात. शक्य तितक्या चाकांतून वीज घेणे हा त्यावरील मूलभूत उपाय आहे. वाफेच्या इंजिनात टेंडरच्या चाकांचाही त्यासाठी उपयोग होतो. १९९० च्या दशकात जर्मनीच्या लेन्झ कंपनीच्या पद्धतीवर आधारित अंकीय नियंत्रणाचे (डीसीसी) मानक अमेरिकी संघटनेने स्वीकारले आणि प्रत्येक इंजिनात स्वतंत्र डिकोडर आला. डिकोडर मोटरला विजेचे स्पंद पुरवतो. सुरुवातीच्या डिकोडरांची स्पंदसंख्या कमी असल्याने मोटर गुणगुणत असे. स्पंदसंख्या मानवी श्रवणमर्यादेपलीकडे नेल्यावर ती गुणगुण गेली. आधुनिक डिकोडर वीज क्षणभर तोडून, फिरत्या मोटरने निर्माण केलेला विरुद्ध दाब मोजतो. हा दाब वेगाच्या प्रमाणात असल्याने इंजिन चढावर मंदावताच वीज आपोआप वाढवता येते. एकाच गाडीला जोडलेल्या दोन इंजिनांत मात्र ही सोय परस्परविरोधी ठरू शकते. इंजिनाचे ध्वनिमुद्रित आवाज काढणारे डिकोडरही मिळतात. घरघरणारी दंतचक्रे झाकण्यासाठी त्यांचा आवाज वाढवणे ही मलमपट्टीच होय.

पाया

हातात धरून चालवताना शांत असलेले इंजिन रुळांवर गोंगाट करत असेल, तर दोष इंजिनात नसून फळीत असतो. रूळ खिळ्यांनी थेट प्लायवुडवर ठोकले की फळी ढोलकीसारखी घुमते. रुळांखाली बुचाच्या लाकडाची (कॉर्क) पट्टी घातल्याने आवाज घटतो, पण वरची खडी कडक गोंदाने फळीला चिकटली की कंपने त्या वाटेने पुन्हा खाली पोहोचतात.

वंगण व देखभाल

वंगणाच्या अभावाइतकाच त्याचा अतिरेकही घातक असतो. बेअरिंगांना सुईच्या टोकावर मावेल एवढे, प्लॅस्टिकला न खाणारे तेल आणि दंतचक्रांना थोडे ग्रीस पुरते. जास्तीचे तेल कॉम्युटेटरवर पसरते, कार्बनच्या भुकटीत मिसळते आणि मोटर मंदावते. तेल चाकांवर उतरले तर पकड आणि वीजवहन दोन्ही बिघडतात. फार दिवस पडून असलेल्या इंजिनातील जुने ग्रीस मेणासारखे घट्ट झालेले असते. ते पूर्ण काढल्याशिवाय नवे घालू नये. नवे इंजिन भाराशिवाय दोन्ही दिशांना सुमारे अर्धा-अर्धा तास मध्यम गतीने चालवून घेतले की ब्रश कॉम्युटेटरच्या गोलाईला बसतात आणि चाल सैलावते. चाके व रूळ पुसण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड वापरतात. खरखरीत कागदाने रूळ घासल्यास त्यांवर पडणाऱ्या बारीक चरांत मळ अधिक लवकर साचतो. जुन्या इंजिनांच्या जस्ती चौकटीत शिशाची भेसळ असल्यास ती वर्षानुवर्षे फुगत जाऊन तडकते. अशा चौकटीत आस जखडले, तर कोणत्याही वंगणाने ते सुटत नाहीत.