मडफ्लॅप नक्की कोणासाठी?

आज गॅरेजमधला एक जुना वाद घेऊ या. पिकअपचे मडफ्लॅप ठेवायचे की काढून टाकायचे?

काढणाऱ्यांचं म्हणणं खोटं नाही. शेतात किंवा नाल्यात गाडी रिव्हर्स घेताना फ्लॅप टायर आणि दगडाच्या मध्ये सापडतो आणि फाटतो. मोठे टायर टाकले की घासतो. शिवाय फ्लॅप नसले की गाडी उंच दिसते, हे तर आहेच!

आता जरा मागे जाऊ. १९२५ मध्ये फोर्डने मॉडेल टी ची पिकअप थेट कारखान्यातून विकायला काढली. किंमत २८१ डॉलर. चाकांवर पत्र्याचे रुंद, वाकवलेले मडगार्ड आणि वेग फार तर ताशी ६५-७० किलोमीटर. पुढे मडगार्ड हळूहळू बॉडीतच मुरले. १९५५ ची शेवरोले कॅमिओ कॅरियर बघा, मागची बाजू एकदम सपाट, गुळगुळीत. गाड्या देखण्या झाल्या, वेग वाढला, पण टायरची मागची बाजू उघडी पडली. ते उरलेलं काम आज रबराचा एक तुकडा करतो.

मोठ्या ट्रकच्या बाबतीत हा प्रश्न कायद्यापर्यंत गेला. अमेरिकेत १९८२ च्या कायद्याने ट्रकच्या चाकांतून उडणारं पाणी अडवणारी साधनं आणायला सांगितलं. पण खात्रीने फरक पाडणारं तंत्र सापडत नाही, असं म्हणत तिथल्या रस्ता सुरक्षा यंत्रणेने १९८८ मध्ये ते काम थांबवलं. युरोपने १९९१ मध्ये वेगळी वाट धरली. साधं गुळगुळीत रबर पाणी अडवतं खरं, पण आपटून त्याचे बारीक तुषार होतात. म्हणून तिथल्या नियमात पाण्याचा जोर शोषणारा किंवा हवा आणि पाणी वेगळं करणारा पृष्ठभाग मागितला.

कायदा का लागला? कारण पुढचा फ्लॅप तुमच्या दाराचा रंग वाचवतो, पण मागचा फ्लॅप मागून येणाऱ्या अनोळखी माणसाला वाचवतो. खर्च तुमचा, फायदा त्याचा.

मी पावसाळ्यात टू-व्हीलर चालवतो. फ्लॅप नसलेल्या पिकअपमागे सापडलो की हेल्मेटची काच एका सेकंदात चिखलाने भरते. कारवाल्याला निदान वायपर असतो, मला डावा हात. ओव्हरटेक करावं तर समोरचं दिसत नाही, मागे राहावं तर खडी उडते.

म्हणून माझं मत सांगतो. गाडी दिवसभर शेतात किंवा खाणीत असेल तर फ्लॅप खुशाल काढा. दोन-तीन बोल्टचं काम आहे. फक्त डांबरी रस्त्याला लागायच्या आधी ते परत लावा. रबर तुमच्या गाडीचं असलं, तरी मागे कोणाची तरी नजर त्याच्या भरवशावर असते.

भेटू पुढच्या भागात!