घर न सोडता शिकायचा योग

आपल्या १९९५ च्या तुकडीतल्या प्रत्येकाने शाळेत सूर्यनमस्कार घातले आहेत. रथसप्तमीला पाचवीपासून दहावीपर्यंतची शाळा मैदानावर, हातभर अंतर ठेवून रांगा, आणि सरांची शिट्टी. त्याला तेव्हा कोणी योग म्हणत नव्हतं. तो पी.टी.चा तास होता, आणि पी.टी.च्या तासाला पोट दुखणारे आपल्यात किती होते हे सरांना अजून आठवत असेल.

मी इतिहासाची विद्यार्थिनी नाही. दहावीनंतर डिप्लोमा न करता बारावी, मग इंजिनिअरिंग, आणि पुढची बावीस वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी मी पहिल्या इयत्तेतल्या मुलीसारखी योगवर्गात जाऊन बसले. आमच्या धंद्यात एखादी ओळ तिथे का लिहिली आहे हे कळेना, की तिचा मागचा इतिहास काढून बघतात, कोणी लिहिली, कधी आणि कशासाठी. त्याच सवयीने मी योगाचा इतिहास वाचत गेले. त्यातला बराचसा आपल्या आसपासचाच निघाला, म्हणून स्मरणिकेसाठी हाच विषय घेतला.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यातल्या औंधपासून करते. औंध संस्थानचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९०९ मध्ये गादीवर आले. चित्रकार, कीर्तनकार आणि सूर्यनमस्काराचे कट्टर पुरस्कर्ते. सूर्याला नमस्कार घालण्याची रीत जुनीच. घरातल्या उपासनेत ती होती, तालमीत होती, समर्थ रामदासांच्या नावाशीही ती जोडली जाते. बाळासाहेबांनी तिचे टप्पे ठरवून दिले, पुस्तकं लिहिली, फोटो छापले आणि संस्थानातल्या शाळांमध्ये मुलामुलींना नमस्कार घालायला लावले. राजवाड्यातल्या स्त्रियाही ते घालत. १९३८ मध्ये लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंनी संपादित केलेलं त्यांचं ‘द टेन-पॉइंट वे टु हेल्थ’ हे पुस्तक लंडनहून निघालं. नावातले दहा म्हणजे नमस्काराचे दहा टप्पे. आपण मैदानावर अंक मोजत जे करत होतो, त्याची एक वाट औंधच्या शाळांमधून येते.

गंमत म्हणजे त्या काळी सूर्यनमस्कार योगात धरलेच जात नसत. तो व्यायाम होता. १९३० च्या दशकात म्हैसूरच्या राजवाड्यात टी. कृष्णमाचार्य आसनं शिकवायचे, आणि सूर्यनमस्काराचा वर्ग तिथे वेगळा चाले. आज कुठल्याही योगवर्गात पहिल्याच आठवड्यात नमस्कार शिकवतात. दोन्ही वाटा एकत्र येऊन अजून शंभर वर्षंही झालेली नाहीत.

मग त्याआधी योग म्हणजे काय होतं? पतंजलीच्या योगसूत्रांची संख्या दोनशेच्या आत आहे, आणि त्यात आसनाबद्दल थेट सांगणारी सूत्रं तीन. बाकी सगळा भर चित्तावर. पंधराव्या शतकातल्या हठप्रदीपिकेत पंधरा आसनं सांगितली आहेत. त्यात उभं राहून करायचं एकही नाही. मराठीत हे सगळं फार आधी आलं. १२९० मधल्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात आसन, प्राण आणि कुंडलिनी यांचं सविस्तर वर्णन आहे. पण वर्णन वाचणं वेगळं आणि शिकायला मिळणं वेगळं. प्रत्यक्ष विद्या बहुतेक करून गुरूकडून शिष्याकडे, आखाड्यात, मठात, घरदार सोडलेल्यांमध्ये फिरत राहिली. नोकरी करणारा, संसार असलेला माणूस सकाळी तासभर जाऊन शिकेल आणि घरी परतून डबा भरेल, ही सोय तेव्हा कोणाच्या डोक्यात नव्हती.

ती सोय निर्माण करण्यात आपल्या भागाचा वाटा मोठा आहे. नर्मदाकाठच्या मालसर इथल्या परमहंस माधवदासजींचे दोन शिष्य इकडे आले. एक श्री योगेंद्र. त्यांनी १९१८ च्या डिसेंबरमध्ये मुंबईत वर्सोव्याला ‘द योग इन्स्टिट्यूट’ सुरू केली, तीही संसारी माणसांसाठी. ते स्वतः पुढे संसारातच राहिले. त्यांच्या पत्नी सीतादेवी यांनी १९३४ मध्ये खास स्त्रियांसाठी योगाचं पुस्तक लिहिलं.

दुसरे शिष्य जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद. ते अमळनेरला शिक्षक होते. गुरूने सांगितलेल्या क्रियांनी शरीरात नेमकं काय घडतं हे बघण्यासाठी त्यांनी चक्क क्ष-किरण यंत्र वापरलं आणि नौली करताना आतड्यातला दाब मोजला. तो बाहेरच्या हवेपेक्षा कमी भरला. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं आणि त्याच वर्षी ‘योग मीमांसा’ हे नियतकालिक काढलं. त्यात प्रयोगांचे आकडे आणि आसनांची कृती, दोन्ही असत. पुण्या-मुंबईच्या गाड्यांमधून आपण सगळे शेकडो वेळा लोणावळ्यावरून गेलो. चिक्कीच्या पलीकडे तिथे काय आहे हे मला तरी चाळिशी उलटल्यावर कळलं.

तिसरं नाव बी. के. एस. अय्यंगार. लहानपणी मलेरिया, विषमज्वर, क्षय असं सगळं भोगलेला हा मुलगा म्हैसूरला कृष्णमाचार्यांकडे, म्हणजे बहिणीच्या यजमानांकडे शिकला. एका दौऱ्यात धारवाडला स्त्रियांनी शिकण्याची इच्छा दाखवली, तेव्हा शिष्यांमध्ये वयाने लहान म्हणून त्याला त्यांना शिकवायला पाठवलं. १९३७ मध्ये डेक्कन जिमखान्याच्या बोलावण्यावरून तो सहा महिन्यांसाठी पुण्याला आला. वय अठरा, मराठी येत नाही, आणि विद्यार्थी त्याच्याहून मोठे नि धडधाकट. तो पुण्याचाच झाला. २०१४ मध्ये त्यांचं निधन झालं ते पुण्यातच. मधल्या काळात १९६६ चं ‘लाइट ऑन योग’ जगभर गेलं आणि १९७५ मध्ये पत्नी रमामणी यांच्या नावाने पुण्यात संस्था उभी राहिली. माझ्यासारखीच्या दृष्टीने त्यांचं मोठं काम वेगळंच आहे. ज्याचा हात जमिनीला पोहोचत नाही त्याच्या हाताखाली त्यांनी लाकडी वीट दिली. कुणाला पट्टा दिला, कुणाला खुर्ची, कुणाला भिंतीचा दोर. आसन शरीरापर्यंत आणायची ती युक्ती होती.

ध्यानाचं तसंच झालं. इगतपुरीचं विपश्यना केंद्र आपल्याला ठाऊक असतं. ती परंपरा ब्रह्मदेशातून आली, आणि सत्यनारायण गोयंकांना ती शिकवणारे सयाजी ऊ बा खिन हे भिक्षू नव्हते. ते स्वतंत्र ब्रह्मदेशाचे महालेखापाल होते, हिशेबाच्या कचेरीत बसणारे गृहस्थ. गोयंका व्यापारी, अर्धशिशीने बेजार झालेले. १९६९ मध्ये त्यांनी मुंबईत पहिलं शिबिर घेतलं ते मोजक्या लोकांसाठी, त्यात त्यांचे आई-वडील होते. इगतपुरीचं केंद्र १९७६ चं.

हा सगळा इतिहास वाचून माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली. मॅटवर पहिल्यांदा बसलेली, गुडघे न वाकणारी, मनात दुधाचा हिशेब चालू असलेली मध्यमवयीन बाई ही योगात चुकून शिरलेली पाहुणी नाही. राजे, शिक्षक, हिशेबनीस अशा वेगवेगळ्या माणसांनी गेल्या शतकभरात ही मांडामांड केली ती तिच्यासारख्यांसाठी.

माझं सांगायचं तर रात्रीचे परदेशी कॉल आणि दिवसभर स्क्रीन, यामुळे मान धरली होती. उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या यायच्या. डॉक्टर आणि फिजिओथेरपी झाली, आणि त्यांनीच योगवर्ग सुचवला. पहिल्या महिन्यात मला शवासन तेवढं उत्तम जमायचं, कारण मी झोपून जायचे. दहा मिनिटं श्वासाकडे लक्ष द्यायला सांगितलं की दुसऱ्याच मिनिटाला मनात कामाची यादी सुरू. वर्गातल्या बाई म्हणाल्या, “ताई, यादी आली हे लक्षात आलं ना? मग परत श्वासावर या. एवढंच काम आहे.” तीन वर्षं झाली, मी तेच करतेय. पायाचे अंगठे अजून धरता येत नाहीत. बोटांच्या मुंग्या गेल्या, त्यात औषधोपचार किती आणि आसनं किती, हे मला वेगळं काढता येणार नाही. रात्री दोनला सर्व्हर पडल्याचा फोन येतो तेव्हा श्वास वर अडकलाय हे मला आता कळतं, आणि कळल्यावर मी आधी तो सोडते, मग लॅपटॉप उघडते.

लवचीकपणापेक्षा अवघड गेलं ते दार लावून घेणं. सकाळी सहा ते साडेसहा खोलीचं दार बंद, हे घराच्या अंगवळणी पडायला तीन महिने लागले. मोजे कुठे आहेत, गॅस संपलाय, सगळं त्याच अर्ध्या तासात उगवायचं. शेवटी सासूबाईच एक दिवस आत आल्या आणि म्हणाल्या, “अगं, खुर्चीवर बसून होतं का ते? मलाही सांग की.” तेव्हापासून आम्ही दोघी बसतो आणि दारावर कोणी थाप मारत नाही. घर सोडून योग करणाऱ्यांच्या कथा पुष्कळ ऐकल्या होत्या. घरात राहून अर्धा तास मिळवणं हीही साधनाच आहे, आणि ती आपल्या वर्गातल्या मैत्रिणींना जास्त कळेल.

आपल्या तुकडीतले तिघं आज नाहीत. योग केला असता तर ते राहिले असते, असं बोलायचा आगाऊपणा मी करणार नाही. कोणाचं काय दुखणं होतं हे आपल्याला बाहेरून काय कळणार. पण आपण उरलेले सगळे आता पंचेचाळिशीच्या पुढचे, आणि ग्रुपवर ‘आता या वयात कुठे’ हे वाक्य फार दिसतं. म्हणून शिकाऊ माणसाने शिकाऊ माणसांना चार गोष्टी सांगते. मोबाइलवर बघून शीर्षासन करू नका. रक्तदाब, काचबिंदू, मणक्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारा आणि शिक्षकांना पहिल्याच दिवशी सांगा. हाताखाली वीट घ्यायला लाजू नका. रविवारच्या दीड तासापेक्षा रोजची वीस मिनिटं बरी.

आणि आपल्या सर-बाईंनाही, तुमच्यापैकी बरेच जण आता सत्तरीच्या पुढे आहात, खुर्ची चालते.