आकाशातले दप्तर

ज्या वर्षी उजनी जलाशयाचा साठा फार खाली जातो, त्या वर्षी इंदापूर तालुक्यातील पळसदेवचे पळसनाथाचे जुने मंदिर पाण्यातून वर येते. वर्तमानपत्रांत त्याची छायाचित्रे येतात, माणसे होडीतून किंवा भेगाळलेल्या गाळावरून दर्शनाला जातात, आणि पाऊस लागला की मंदिर पुन्हा दिसेनासे होते. मंदिर दगडी, म्हणून टिकले. भोवतीचे गाव, मळे, विहिरी, नदीकडे उतरणाऱ्या गाडीवाटा यांचे काय? धरणापूर्वीचे भीमेचे खोरे कसे दिसत होते, हा प्रश्न आम्हांला पडला तो विस्थापितांचे लेखन वाचताना. त्या लेखनातले गाव आठवणीतले असते. आठवणीची उलटतपासणी करण्याचा आमचा हेतू नव्हता. पण तिच्या शेजारी ठेवता येईल असा दुसरा एखादा पुरावा हवासा वाटत होता.

तो आंतरजालावर सापडला, आणि तोही अमेरिकेच्या हेरखात्याच्या जुन्या फिल्ममध्ये.

१९६०च्या ऑगस्टमध्ये ‘कोरोना’ नावाच्या गुप्त प्रकल्पातील पहिली यशस्वी फिल्म अवकाशातून परतली. (या नावाला पुढे जो अर्थ चिकटला त्याचा येथे संबंध नाही.) चित्रित झालेली फिल्म एका कुपीत गुंडाळून खाली सोडली जाई, कुपीला हवाई छत्री असे, आणि प्रशांत महासागरावर घिरट्या घालणारे विमान आकड्याने ती छत्री हवेतच पकडे. सोव्हिएत क्षेपणास्त्रे मोजण्यासाठी हा सारा खटाटोप होता. त्या ओघात भारतासह जगाचा बराच भाग टिपला गेला. शेवटच्या वर्षांतील कॅमेऱ्यांना जमिनीवरची सुमारे दोन मीटर आकाराची वस्तू ओळखता येई. प्रकल्प १९७२मध्ये संपला, फिल्म मात्र कुलपातच राहिली. फेब्रुवारी १९९५मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने ‘कोरोना’ व तिच्या सोबतच्या दोन प्रकल्पांची मिळून ८,६०,०००हून अधिक छायाचित्रे गोपनीयतेतून मुक्त झाली.

या फिल्मचा लाभ ओळखला तो पुरातत्त्वज्ञांनी. ईशान्य सीरियात प्राचीन वस्त्यांभोवती चाकाच्या आऱ्यांसारख्या फाकणाऱ्या वाटा आहेत. माणसांच्या आणि गुरांच्या पावलांनी खोलगट झालेल्या. जेसन उर या संशोधकाने त्यांचा माग या चित्रांवरून काढला. पुढच्या दशकांतील नांगरट, कालवे आणि वाढत्या वस्त्यांनी अशा कित्येक खुणा पुसल्या होत्या. हेरगिरीची फिल्म नेमकी या पुसण्याच्या आधीची होती, हे तिचे मोल.

आमच्या खोऱ्यालाही हेच लागू पडते. उजनीत पाणी साठू लागले ते १९७०च्या दशकाच्या अखेरीस. ‘कोरोना’ तोवर इतिहासजमा झाली होती. भारताचा पहिला कार्यकारी दूरसंवेदन उपग्रह, आयआरएस-१ए, १७ मार्च १९८८ रोजी उडाला. म्हणजे धरणाआधीचे खोरे भारतीय उपग्रहाने पाहिलेलेच नाही.

आणखी एक साक्षीदार आहे तो लँडसॅट. हा पहिला उपग्रह २३ जुलै १९७२ रोजी सोडला गेला. महाराष्ट्रात त्या वर्षीच्या दुष्काळाची आठवण अजून आहे. त्याच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे सुमारे ऐंशी मीटर. त्यात पात्र दिसते, पिके कोठे आहेत आणि कोठे नाहीत ते कळते. गाव मात्र मोजक्या ठिपक्यांत संपते. या संग्रहाची जी किंमतकथा आहे ती इतिहासाच्या अभ्यासकाने मुद्दाम वाचावी. १९८४च्या कायद्याने अमेरिकन सरकारने हा व्यवहार खाजगी कंपनीकडे सोपवण्याचा मार्ग घेतला आणि एका दृश्याचा भाव ४,४०० डॉलरपर्यंत चढला. १९९९मध्ये लँडसॅट-७ आल्यावर तो ६०० डॉलर झाला. २००८मध्ये सगळा संग्रह विनामूल्य करण्याचे ठरले. त्यापूर्वी एका वर्षात सुमारे २५,०००हून अधिक दृश्ये कधी विकली गेली नव्हती; २००९ या पहिल्या पूर्ण वर्षात दहा लाखांहून अधिक उतरवून घेतली गेली. आम्हांला या आकड्यांपेक्षा महत्त्वाचे वाटते ते असे, की एकच चित्र विकत घेऊ शकणारा अभ्यासक आपल्याला ठाऊक असलेली जागाच तपासतो. तीस वर्षांची चित्रे एकाखाली एक लावण्याची कल्पना त्याच्या मनात येत नाही, कारण ती परवडणारी नसते.

मराठी वाचकाला हे नवे वाटू नये. पुण्यातले पेशवे दप्तर इंग्रजी अमदानीत दीर्घकाळ स्वतंत्र संशोधकांना मोकळेपणी पाहता येत नव्हते. राजवाड्यांनी वाडे आणि माळे धुंडाळून कागद जमवले, त्यामागे जिद्द होती तशीच ही अडचणही होती. गो. स. सरदेसाई यांनी संपादिलेले दप्तरातील निवडीचे ४५ खंड १९३०नंतर आले, तोवर एका पिढीचे इतिहासलेखन बाहेरच्या कागदांवर उभे राहिले होते.

स्वतंत्र भारतात नकाशांचे दप्तर असेच राहिले. सर्व्हे ऑफ इंडिया १७६७पासूनचे. पण सीमा आणि किनारपट्टीलगतची तिची पत्रके सामान्यांना सहजी मिळत नसत, त्यामुळे कोकणावर लिहिणाऱ्यांची फार पंचाईत होई. त्याच काळात टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने अमेरिकन सैन्यासाठी १९५०च्या दशकात निघालेली भारताची एकास अडीच लाख प्रमाणाची पत्रके आंतरजालावर ठेवली होती. ती मुळात बव्हंशी आपल्याच सर्वेक्षणावर आधारलेली! आपल्या तालुक्याचा जुना नकाशा ऑस्टिनहून उतरवून घ्यायचा, यातला विनोद आम्हांला कधी पुरता पचला नाही. २००५च्या नकाशा धोरणाने खुली पत्रके व संरक्षणासाठीची पत्रके अशी वाटणी केली. फेब्रुवारी २०२१च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीयांसाठी बहुतेक बंधने उठवली. आणि २०२३च्या अवकाश धोरणाने पाच मीटर व त्याहून ढोबळ उपग्रहचित्रे विनामूल्य व खुली ठेवण्याचे मान्य केले. उशीर झाला, पण झाले.

येथे फुकट आणि मुक्त यांत भेद करावा लागतो. २००५मध्ये गूगल अर्थ आले तेव्हा आपले छप्पर शोधण्याचा आनंद आम्हीही घेतला. परंतु ते चित्र पाहायला फुकट असले तरी त्यावर हवे ते काम करून ते पुढे द्यायला आपण मोकळे नसतो. युरोपच्या सेंटिनेल-२ची २०१५पासूनची दहा मीटरची चित्रे किंवा लँडसॅटचा संग्रह मुक्त आहे: घ्यावा, छापावा, बदलावा.

तरीही असे चित्र हाती आले म्हणजे वाचता आले असे नव्हे. ‘कोरोना’ची चौकट लांबट पट्टीसारखी असते आणि टोकांकडे जमीन ताणली जाते. नदीचे वळण, रस्त्यांचा छेद, टेकडीचा माथा अशा न हललेल्या खुणा आजच्या नकाशाशी जुळवत ती सरळ करावी लागते. पाठचिकित्सा करणाऱ्यास हे काम ओळखीचे वाटेल. शिवाय चित्रात नावे नसतात. ती सातबाऱ्यात असतात, जुन्या पत्रकांवर असतात, आणि सर्वांत जास्त त्या गावच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी असतात.

अमेरिकन भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या अर्थ एक्सप्लोरर या संकेतस्थळावर नोंदणी करून खोऱ्यावर चौकोन आखला की चौकटींची यादी येते. आधी कोणीतरी स्कॅन करवून घेतलेली चौकट विनामूल्य मिळते. न झालेलीसाठी आम्ही मागवली तेव्हा पहिल्या मागणीदाराला ३० डॉलर भरावे लागत, आणि मग ती जगातल्या सगळ्यांसाठी खुली होई. आम्हांला हवी असलेली चौकट दुसऱ्या प्रकारातली निघाली. आम्ही चौघांनी वर्गणी काढली. काही आठवड्यांनी ती आली: वाळूचे पांढरे पात्र, बांधांची बारीक जाळी, आणि नदीच्या वळणावर करड्या ठिपक्यांचा एक दाट पुंजका. त्यातले मंदिर कोणते, यावर आमचे अद्याप एकमत झालेले नाही. मोठी प्रत काढून आम्ही ती पुनर्वसित गावठाणातल्या एका आजींपुढे ठेवली. त्यांनी चष्मा पुसला, चित्र उलटे फिरवले, आणि पुंजक्याला हात न लावता बोट थेट पात्राच्या कडेला नेले. “इथं आमचा मळा,” त्या म्हणाल्या.